दृष्टांत आणि परीक्षा : विनोबांच्या अध्यापकीय जीवनाचा एक अभ्यास

अलंकार हा घटक आपल्याकडे शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत शिकविला जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याची परीक्षा जवळपास एकाच पद्धतीने घेतली जाते. ओळ द्यावयाची, अलंकाराचे नाव विचारावयाचे, उपमेय व उपमान वेगळे करून दाखवावयास सांगावयाचे. या पद्धतीने विद्यार्थ्याचे पाठांतर तपासले जाते. त्या अलंकाराने त्याच्या समजुतीत काय घडविले हे मात्र तपासले जात नाही. प्रश्न जुनाच आहे. त्याचा विचार करताना वर्धा जिल्ह्यातील एका शिक्षकाचे चरित्र पुन्हा उघडून पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हा शिक्षक म्हणजे विनायक नरहरी भावे, अर्थात आचार्य विनोबा भावे. भूदानाचे प्रणेते म्हणून ते सर्वांना ज्ञात आहेत. वाङ्मयेतिहासात 'गीताई'चे कर्ते म्हणून त्यांची नोंद होते, आणि बहुधा तेथेच थांबते. परंतु आयुष्याचा मोठा भाग त्यांनी शिकविण्यात घालविला, आणि त्यांच्या शिकविण्याचे मुख्य साधन दृष्टांत हे होते. त्या साधनाची पारख त्यांनी कशी केली, ती कोठे यशस्वी झाली आणि कोठे त्यांच्या हातून निसटली, हे पाहणे हा येथील हेतू आहे.

दृष्टांत या शब्दाविषयी आरंभीच थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण आपल्या अध्यापनात त्याचे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. साहित्यशास्त्रात, विशेषतः मम्मटाच्या विवेचनात, दृष्टांत हा बिंबप्रतिबिंबभावावर उभा असलेला एक अलंकार आहे. उपमेत असतो तसा साधर्म्यवाचक शब्द त्यात नसतो. दोन वाक्ये समोरासमोर ठेवलेली असतात आणि साम्य वाचकाने स्वतः ओळखावयाचे असते. न्यायदर्शनात दृष्टांत हा अलंकार नसून ज्ञानाच्या प्रक्रियेचा एक अवयव आहे. ज्या गोष्टीविषयी सामान्य मनुष्य आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखीच चालते ती गोष्ट म्हणजे दृष्टांत, असे गौतमाच्या सूत्राचे तात्पर्य आहे. अलंकारशास्त्राची पुस्तके शिकविताना हा दुसरा अर्थ आपण सोडून देतो. वस्तुतः अध्यापकाला तोच अधिक उपयोगाचा आहे. शिकणारा आणि तपासणारा हे दोघे ज्या भूमीवर समान पातळीला येतात ती भूमी त्यात सांगितलेली आहे. मराठीत या अर्थाची परंपरा महानुभावांपासून चालत आलेली आहे. केशिराजबासांच्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक अशी त्रिविध रचना आढळते. म्हणजे आधी सिद्धांत, मग ओळखीचा प्रसंग, मग त्या प्रसंगाचा सिद्धांताशी जुळवून दाखविलेला अन्वय. आंधळे आणि हत्ती यांची सर्वपरिचित कथा त्या ग्रंथात याच चौकटीत येते. पुढे ज्ञानेश्वरीत या साधनाचा जो विस्तार झाला त्याविषयी येथे निराळे सांगावयास नको.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहरपंत बडोद्यास नोकरीला होते, त्यामुळे शिक्षण बडोद्यात झाले. वडिलांची वृत्ती शास्त्रीय व व्यवस्थेची, आईची भक्तीची. मुलाला गणिताचे प्रेम पहिल्याकडून आणि संतवाणीचे दुसरीकडून मिळाले. वडिलांच्या इच्छेनुसार शाळेत त्यांनी संस्कृतऐवजी फ्रेंच घेतली आणि संस्कृत पुढे स्वतःच्या कष्टाने संपादन केली. त्यांच्या आठवणींत शालेय जीवनातील एक प्रसंग येतो. शिक्षकांनी विवाहसमारंभाचे वर्णन करणारा निबंध लिहावयास सांगितला होता. मुलाने एकही विवाह पाहिलेला नव्हता. म्हणून त्याने विवाह करून स्वतः दुःखात पडलेल्या आणि इतरांना दुःखात पाडणाऱ्या एका तरुणाची कल्पित कथा लिहून दिली. उत्तर विषयाला धरून नव्हते. तरी शिक्षकांनी त्यातील बुद्धीची दखल घेऊन दहापैकी सात गुण दिले. प्रसंग किरकोळ आहे, पण मूल्यमापनाच्या दृष्टीने बोलका आहे. न पाहिलेल्या वस्तूचे ठराविक शब्दांत वर्णन करण्यास मुलाने नकार दिला, आणि तपासणाऱ्याने त्या नकारामागील विचारशक्ती ओळखली. आजच्या उत्तरपत्रिकेला किती गुण मिळाले असते याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आईविषयीची एक घटना मात्र किरकोळ नाही. रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत त्यांना येत नव्हते. मुलाने आधी मराठी गद्य भाषांतर आणून दिले. त्यांना पद्य हवे होते. मग वामन पंडितांची 'समश्लोकी' आणून दिली. ती त्यांना कठीण वाटली. तेव्हा त्यांनी मुलालाच भाषांतर करावयास सांगितले. १९१८ साली त्यांचे निधन झाले आणि ही मागणी पंधरा वर्षे तशीच राहिली. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. वामन पंडितांची रचना पंडिती काव्यातील कौशल्याचा नमुना म्हणून आपण अभ्यासतो. ती एका श्रद्धावान, बुद्धिमान पण अशिक्षित श्रोत्रीच्या कसोटीस उतरली नाही, आणि ही कसोटी विनोबांनी पुढे आयुष्यभर प्रमाण मानली. वामनांवर यात अन्याय होतो, असे एखाद्याला वाटेल. पण काव्याची गुणवत्ता आणि काव्याची शैक्षणिक उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि येथे प्रश्न दुसरीचा होता.

मार्च १९१६ मध्ये इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरून काशीला गेले. त्यापूर्वी आईच्या समोर त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. परीक्षेविषयीचा त्यांचा पुढील सर्व दृष्टिकोन या दोन कृतींत बीजरूपाने आहे, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. त्यांना प्रमाणपत्र नको होते. कसोटी नको होती असे नाही. याचा पुरावा वाईच्या वर्षात मिळतो. ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले, आणि १९१७ साली एक वर्षाची रजा घेऊन वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढील काळातील केवलानंद सरस्वती, यांच्याकडे अध्ययनास राहिले. वर्षअखेर त्यांनी गांधीजींना जो वृत्तांत पाठविला तो एखाद्या काटेकोर शिक्षकाच्या नोंदवहीसारखा आहे. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि पातंजल योगसूत्रे यांचे अध्ययन किती झाले. गीता सहा विद्यार्थ्यांना, ज्ञानेश्वरीचे पहिले सहा अध्याय चौघांना आणि नऊ उपनिषदे दोघांना कशी शिकविली. सुमारे चारशे मैल पायी प्रवास करून गीतेवर सुमारे पन्नास प्रवचने कशी दिली. दळण दळून मिळालेल्या पैशांतून वाचनालय कसे उभे केले, हे सारे त्यात आहे. प्रमाणपत्रे जाळणारा मनुष्य स्वतःच्या कामाचे मोजमाप इतक्या बारकाईने ठेवतो, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांनी व्रतनिष्ठेच्या सदरात घातली आहे. ती अध्यापनशास्त्राच्या सदरातही बसते.

८ एप्रिल १९२१ रोजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा वर्ध्यास आले आणि तेथील सत्याग्रहाश्रमाची जबाबदारी त्यांनी घेतली. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. यानंतरचे त्यांचे सारे जीवन, तुरुंगवास आणि पदयात्रा वगळता, वर्धा, नालवाडी आणि पवनार या काही मैलांच्या परिसरात गेले. १९२३ साली त्यांनी 'महाराष्ट्र-धर्म' हे मासिक काढले. ते पुढे साप्ताहिक झाले. त्यातील लेखांचा 'मधुकर' हा संग्रह मराठी निबंधाच्या इतिहासात आहे त्यापेक्षा अधिक जागा मिळण्यास पात्र आहे. त्यातील गद्य लहान वाक्यांचे, तर्कशुद्ध, आणि घरगुती उपमानांनी भरलेले आहे. कापूस, सूत, जाते, नांगर, भाकरी यांच्यापलीकडे उपमानासाठी लेखक सहसा जात नाही. शिवरामपंत परांजपे यांचे गद्य पाठोपाठ वाचले की फरक ध्यानात येतो. तेथे रूपक वक्त्याच्या हातातील शस्त्र असते. येथे ते शिक्षकाच्या हातातील खडू आहे.

'गीताई'चे लेखन ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यास सुरू झाले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण झाले. सातशे श्लोकांचा हा समश्लोकी अनुवाद चार महिन्यांत सिद्ध झाला ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिच्या पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. ग्रंथ छापावयास देण्यापूर्वी विनोबांनी आश्रमातील लहान मुलींचा एक वर्ग घेतला आणि त्यांना 'गीताई' शिकविली. मुलींना जेथे अडचण येई ती लक्षात घेऊन त्यांनी रचनेत बदल केले. त्यानंतरच १९३२ साली पहिली आवृत्ती निघाली. तेव्हा कर्ता स्वतः धुळ्याच्या तुरुंगात होता.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. वर्गात चाचणी होत होती, पण ती मुलींची नव्हती. ती पाठ्याची आणि शिक्षकाची होती. मुलगी अडखळली तर दोष मुलीकडे जात नसे, ओळीकडे जात असे. गीतेतील अलंकार या दृष्टीने पाहावेत. अवयव आत ओढून घेणारा कूर्म, वारा नसलेल्या ठिकाणचा दिवा, पाण्यात राहूनही न भिजणारे कमलपत्र, दोऱ्यात ओवलेले मणी, धुराने वेढलेला अग्नी, उलट्या मुळांचा अश्वत्थ. यांतील बहुतेक उपमाने मुलींच्या परिचयाची होती. परिचयाचे नव्हते ते संस्कृत शब्द. कूर्माचे कासव झाले की उपमा आपोआप उभी राहते. पण अश्वत्थाच्या बाबतीत शब्द सोपा करून भागत नाही, कारण वर मूळ आणि खाली फांद्या असलेले झाड कोणीच पाहिलेले नसते. तेथे उपमान स्वतःच अलौकिक आहे, आणि न्यायशास्त्राच्या कसोटीने तो दृष्टांतच होत नाही. ते रूपक आहे. अलंकाराचा पाठ आखताना हा भेद आपण क्वचितच करतो. ओळखीच्या वस्तूवर उभा असलेला अलंकार आणि कल्पनेने घडविलेल्या वस्तूवर उभा असलेला अलंकार यांची काठिण्यपातळी भिन्न असते. दोन्ही एकाच तासात, एकाच प्रश्नप्रकाराने शिकविणे म्हणजे बेरीज आणि वर्गमूळ एकत्र शिकविण्यासारखे आहे.

धुळ्याच्या तुरुंगातील गीतेवरील प्रवचने हा या चरित्राचा वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत समृद्ध भाग होय. २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली. श्रोते राजबंदी होते. जमनालाल बजाज त्यांत होते. लेखनिक साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात काही वर्षे शिकविलेला एक शिक्षक दुसऱ्या शिक्षकाचे बोलणे टिपून घेत होता, म्हणून आज हे पुस्तक आपल्या हाती आहे. गुरुजींच्या लेखणीचा ओलावा त्यात कितपत उतरला आहे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, आणि एखाद्या विद्यार्थ्याने तो अवश्य घ्यावा.

या प्रवचनांतील दहाव्या अध्यायाचे विवेचन भाषाशिक्षकाने आवर्जून वाचावे असे आहे. विभूतियोग समजावून सांगताना विनोबा लेखन-वाचन शिकविण्याचीच पद्धत दृष्टांत म्हणून घेतात. मुलाला प्रथम मोठी आणि सोपी अक्षरे दाखवितात. मग तीच लहान आकारात. त्यानंतर जोडाक्षरे येतात. परमेश्वराची ओळखही अशीच व्हावयाची आहे. आई, गुरू, संत ही मोठी, ठळक अक्षरे. सूर्य, नद्या, पशुपक्षी ही त्यापुढील. आणि दुर्जन हे जोडाक्षर. राम सहज वाचता येतो. रावण वाचावयास वेळ लागतो, कारण त्यात गुण आणि दोष एकमेकांत गुंतले आहेत. या दृष्टांताची रचना तपासली की तीन गोष्टी दिसतात. उपमान श्रोत्यांच्या अनुभवातील आहे. ते एका बिंदूपुरते मर्यादित न राहता पायरीपायरीने वाढते आणि प्रत्येक पायरीला उपमेयाची जोड मिळते. शिवाय जोडाक्षराच्या पायरीवर ते श्रोत्याच्या नैतिक समजुतीत काही नवीन घडविते. दुर्जनाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. दृष्टांत काढून टाकला तर हा विचार दुसऱ्या शब्दांत सांगता येईल का, असे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. सांगता येत नसेल तर येथे अलंकार केवळ शोभेसाठी आलेला नाही, हे त्यांना व्याख्येवाचून कळेल.

पाचव्या अध्यायात भूमितीचा दृष्टांत येतो. फळ्यावर काढलेला बिंदू हा खरा बिंदू नव्हे, कारण खऱ्या बिंदूला लांबी-रुंदी नसते. तरीही फळ्यावरील बिंदू घेतल्यावाचून भूमिती शिकविता येत नाही. संन्यास आणि योग यांची टोके समजावून सांगण्यासाठी हा दृष्टांत वापरलेला आहे. पण तो सर्व दृष्टांतांविषयीही खरा आहे. फळ्यावरचा बिंदू उपयोगाचा आहे आणि चुकीचाही आहे. शिक्षकाने दोन्ही गोष्टी सांगावयास हव्यात.

मात्र विनोबांचे सर्वच दृष्टांत या दक्षतेने आलेले नाहीत, आणि भक्तिभावाने लिहिणाऱ्यांनी हे बहुधा नोंदविलेले नाही. चौथ्या अध्यायातील कर्म, विकर्म आणि अकर्म यांचे विवेचन पाहावे. कर्म म्हणजे लाकूड, विकर्म म्हणजे त्याला लागलेला अग्नी. दोहोंच्या संयोगाने लाकडाची निरुपद्रवी राख होते, तेच अकर्म. कर्मात विकर्म घालणे म्हणजे बंदुकीच्या दारूला बत्ती देणे, असाही एक दृष्टांत तेथे आहे. चित्र इतके स्पष्ट आहे की ऐकणारा लगेच मान डोलावतो. परंतु विकर्म या पदाचा शांकरभाष्यातील अर्थ निषिद्ध कर्म असा आहे. विनोबा त्याचा अर्थ विशेष कर्म, म्हणजे बाह्य कर्माला मिळालेली चित्तशुद्धीची जोड, असा घेतात. अर्थ बदलण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि ते आपल्या अर्थाचे समर्थनही करतात; पण वाचकाच्या मनात तो अर्थ तर्काने कमी आणि लाकूड-राखेच्या चित्राने अधिक ठसतो. दृष्टांत येथे प्रमाणाची जागा घेतो. पदव्युत्तर वर्गात हा उतारा देऊन, सिद्धांत कोठे संपला आणि चित्राने मन वळविण्यास कोठे सुरुवात केली हे दाखवा, असा प्रश्न विचारता येईल. अलंकार ओळखा या प्रश्नापेक्षा तो कितीतरी अवघड आहे, आणि त्याला एकच उत्तर नाही. परीक्षकाला तो तपासण्यास अधिक वेळ लागेल, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर उपाय नाही.

२३ डिसेंबर १९३२ रोजी विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडी या गावी राहावयास गेले. सूतकताईवर निर्वाह करून पाहण्याचे त्यांचे प्रयोग येथले. हात टकळीवर आणि तोंडाने शिकविणे, असा त्यांचा क्रम असे. याच पार्श्वभूमीवर ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम समिती नेमली गेली. काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, आर्यनायकम् दांपत्य यांच्यासह विनोबा तिचे सदस्य होते. समितीने डिसेंबरमध्ये दिलेल्या अहवालातील दैनिक वेळापत्रक साडेपाच तासांचे आहे. त्यात मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटे आहेत; मातृभाषेला चाळीस मिनिटे. मराठीच्या शिक्षकांना हा हिशेब टोचतो, आणि टोचावा. पण समितीची कल्पना अशी होती की उरलेल्या तीन तास वीस मिनिटांतही भाषा शिकली जाईल, कारण उद्योग आणि ज्ञान यांचा समवाय साधावयाचा होता. समवाय हा शब्द वैशेषिक दर्शनातला. वेगळे करता न येणारा संबंध असा त्याचा अर्थ, आणि शास्त्रकारांचे त्यासाठीचे ठराविक उदाहरण तंतू आणि पट यांचे. वर्ध्याच्या शाळेत तंतू मुलांच्या हातात प्रत्यक्ष होता. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, सूत काढणे, या प्रत्येक क्रियेच्या नावाभोवती मराठीत आणि वऱ्हाडीत वाक्प्रचारांचा आणि उपमानांचा मोठा साठा आहे. धागा तुटतो, गुंता होतो, पीळ बसतो. हे शब्द माणसांच्या संबंधांविषयी वापरताना आपण रूपक वापरीत आहोत याचे भान शहरी विद्यार्थ्याला उरलेले नसते. ज्याने सकाळी पेळू हातात धरला आहे त्याला ते करून देणे सोपे जाते. या समितीने प्रचलित परीक्षापद्धतीवरही कठोर टीका केली. प्रत्येक मुलाला स्वतंत्र परीक्षेत बसविण्याऐवजी निवडक मुलांच्या प्रगतीवरून शाळेच्या कामाची तपासणी व्हावी, असा तिच्या सूचनेचा रोख होता. 'गीताई'च्या वर्गातील कसोटीशी या कल्पनेचे नाते उघड आहे. दोन्हीकडे तपासले जाते ते शिकविणे.

नई तालीम पुढे का मंदावली याची चर्चा अनेकांनी केली आहे. तिच्यात येथे शिरत नाही. सूताचा हिशेब ठेवता येतो आणि समवायाचा ठेवता येत नाही, ही व्यावहारिक अडचण मात्र तिच्या मुळाशी होती. अनेक ठिकाणी उद्योग राहिला, समवाय गेला.

७ मार्च १९३८ रोजी प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत विनोबा धाम नदीकाठच्या पवनार येथे आले. पवनार हे वाकाटक प्रवरसेनाचे प्रवरपूर होय, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. 'सेतुबंध' हे प्राकृत महाकाव्य त्याच प्रवरसेनाच्या नावावर आहे. मराठीच्या अलंकारपरंपरेची मागची कडी ज्या भाषेत आहे त्या भाषेचे एक राजपीठ येथे होते, याकडे जाता जाता लक्ष वेधतो. विनोबांच्या चरित्रात या भूमीचा संबंध निराळ्या रीतीने येतो. धुळ्याच्या प्रवचनांत बाराव्या अध्यायात त्यांनी सगुण आणि निर्गुण भक्ती समजावून सांगण्यासाठी लक्ष्मण आणि भरत यांचा दृष्टांत घेतला होता. एक रामाजवळ राहून सेवा करणारा, दुसरा दूर राहून. चौदा वर्षांनंतरच्या राम-भरत भेटीचे चित्र कोणी काढावे, अशी इच्छाही त्यांनी तेथे व्यक्त केली होती. पुढे पवनारला शेत खणताना एक प्राचीन शिल्प निघाले आणि विनोबांना ते राम-भरत भेटीचेच दिसले. ते आश्रमात स्थापन झाले. येथील शिल्पांत मिराशींनीही रामकथेतील प्रसंग पाहिले आहेत. विनोबांनी या योगायोगाकडे ईश्वरी प्रसाद म्हणून पाहिले. अभ्यासकाने तसे मानलेच पाहिजे असे नाही. वर्षानुवर्षे मनात वागविलेला दृष्टांत मनुष्याचे पाहणे कसे घडवितो, हे या प्रसंगात दिसते, आणि तेवढे पुरे आहे.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला. या कार्याचा इतिहास येथे अपेक्षित नाही. त्याच्या भाषेविषयी मात्र लिहिले पाहिजे. जमीनदाराला विनोबा सांगत की, आपणास पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. हा दृष्टांत अठरा प्रवचनांतील कोणत्याही दृष्टांतापेक्षा अधिक लोकांनी ऐकला, आणि त्याच्या बळावर लाखो एकर जमिनीची दानपत्रे झाली. वर्गातील रूपकाची परीक्षा फार तर गुणांत होते; याची परीक्षा सात-बाराच्या उताऱ्यावर झाली. दिलेल्या जमिनीपैकी मोठा भाग नापीक, वादग्रस्त किंवा न वाटलेला राहिला. दृष्टांताच्या दृष्टीने पाहिले तर येथील दोष असा : कुटुंबाच्या उपमानात मुलाचा वाटा हा बापाच्या प्रेमाचा आणि वारशाचा विषय असतो, भूमिहीन कुळाचा हक्क हा कष्टाचा आणि न्यायाचा विषय असतो. उपमान उपमेयावर पूर्ण बसत नव्हते. ज्याने जमीन कसली तो सहावा मुलगा नव्हता, कदाचित पहिलाच होता. ही टीका त्या काळातही झाली. तिच्यामुळे विनोबांच्या हेतूला उणेपणा येत नाही, पण दृष्टांत जेथे थांबतो तेथे शिक्षकाने स्वतः थांबून ते सांगितले पाहिजे, या नियमाला लोकनेत्यासाठी सवलत नाही.

दुसरी घटना याहून वेदनादायक आहे. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांचे एक वर्षाचे मौन चालू होते. त्या काळात आणीबाणी आली, आणि अनुशासनपर्व हा शब्द त्यांच्या लेखणीतून बाहेर पडला. सरकारने तो देशभर भिंतींवर रंगविला. महाभारतातील एका पर्वाचे नाव, त्यामागे शरपंजरी पडलेल्या भीष्माचा उपदेश, आणि हा सारा संदर्भ गाळून उरलेला एक घोषणावजा शब्द. मौन सुटल्यावर विनोबांनी शासन आणि अनुशासन यांतील भेद सांगितला : शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरविले. शिक्षकांनी सत्तेपासून स्वतंत्र राहून बोलावे यासाठी १९६८ सालीच त्यांनी आचार्यकुलाची स्थापना केली होती. पण तोपर्यंत शब्द दुसऱ्यांच्या मालकीचा झाला होता, आणि तुरुंगांत असलेल्यांना त्याचा अर्थ एकच कळत होता. लहान मुलींच्या वर्गात ओळ अडली तर बदलणाऱ्या शिक्षकाला, आपला शब्द ऐकणारा कसा घेईल याचा अंदाज येथे का आला नाही? मौनामुळे प्रश्नोत्तराची सोय नव्हती, हे एक उत्तर. सूचक शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूने ठरतो असे त्यांनी गृहीत धरले, हे दुसरे. प्रस्तुत लेखकास दुसरे अधिक पटते. व्यंग्यार्थ हा वक्ता, श्रोता आणि प्रसंग या तिहींवर अवलंबून असतो, हे आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. आपण तो भाग व्याख्येपुरता शिकवितो. अनुशासनपर्व हा शब्द उदाहरणादाखल वर्गात ठेवला, तर विद्यार्थ्याला तो व्याख्येवाचूनही कळेल.

यावरून अलंकाराच्या पाठघटकाची काही आखणी सुचते. आरंभ व्याख्येने न करता विद्यार्थ्याच्या परिसरातील वस्तूने करावा. वर्ध्याच्या महाविद्यालयात पऱ्हाटीचे शेत दूर नसते. मग 'गीताई'तील कासव आणि दिवा, त्यानंतर अश्वत्थ; त्यापुढे दहाव्या अध्यायातील अक्षरे, आणि शेवटी सहावा मुलगा. नावे नंतर द्यावीत. मूल्यमापनात विद्यार्थ्याकडून स्वतःचा दृष्टांत मागावा आणि तो कोठे मोडतो हेही त्यानेच लिहावे. जो आपल्या दृष्टांताची मर्यादा नेमकी दाखवील त्याला, दृष्टांत साधारण असला तरी, अधिक गुण द्यावेत. आणि वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी एकाच ठिकाणी अडले असतील तर गुण कापण्यापूर्वी शिक्षकाने आपली पाठटाचणे काढून पाहावीत. विद्यापीठीय परीक्षेच्या चौकटीत हे सारे बसणार नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांत बसेल.

विनोबांची अखेरची वर्षे पवनारच्या ब्रह्मविद्यामंदिरात गेली. स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी हे मंदिर त्यांनी १९५९ साली स्थापिले होते. संतवाणीची निवड, 'गीताई-चिंतनिका', बंधू शिवाजी भावे यांच्या सहकार्याने सिद्ध झालेला 'गीताई'चा शब्दार्थकोश, ही त्यांची कामे अभ्यासकाला आजही उपयोगी पडतात. कोश विशेष पाहण्यासारखा आहे. स्वतःच्याच अनुवादातील शब्दांचा इतका हिशेब देणारा दुसरा मराठी अनुवादक प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. ७ ऑक्टोबर १९८० रोजी, 'गीताई'च्या लेखनारंभाला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, वर्ध्याजवळ गोपुरी येथे गीताई मंदिराचे उद्घाटन झाले. तेथे मूर्ती नाही आणि छप्परही नाही. उभ्या शिळांवर अठरा अध्याय कोरलेले आहेत, आणि वाचणाऱ्याने चालत चालत वाचावयाचे आहे. दोन वर्षांनी, अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग करून, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी पवनार येथे देह ठेवला.